न फुटलेला बुडबुडा

बुडबुडा म्हटला कीं देहाची आठवण व्हावी, इतका हा दृष्टान्त कीर्तनकारांनीं आपल्या अंगवळणीं पाडला आहे. पाण्यावर उठला, क्षणभर चमकला, फुटला. माणसाचेंहि तसेंच, असें म्हणून आपण सुस्कारा टाकतों. फुटणें वाईट आणि टिकणें चांगलें, हें त्यांत गृहीतच असतें.

ही समजूत तपासून पाहण्याजोगें एक स्थळ मुरबाड तालुक्यांत आहे. वैशाखरें गांव मागें टाकून नाणेघाटाची वाट चढूं लागलें, कीं काळ्या कातळांत जागोजाग मोहरीएवढीं, वाटाण्याएवढीं भोकें दिसतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं उठलेले आणि फुटावयाचे राहून गेलेले ते बुडबुडे होत.

सह्याद्रीचे हे थर ज्या लाव्हारसाचे झाले, त्यांत खोलवरच्या दाबामुळें पाण्याचा अंश व इतर वायु विरघळलेले होते. बूच लावलेल्या सोडावाटरच्या बाटलींत असतात तसेच. रस वर आला, दाब उतरला, आणि वायु सुटूं लागला. परंतु बुडबुड्याचा जन्म सोपा नाहीं. तो अतिसूक्ष्म असतांना रसाचा पृष्ठताण त्याला उपजतांच चिरडूं पाहतो. एखाद्या स्फटिककणाचा आश्रय मिळाला तर त्याचा निभाव लागण्याचा संभव अधिक. एकदां तो विशिष्ट आकारापलीकडे गेला, कीं सभोंवारचा वायु त्याच्यांत झिरपतो, दाब घटेल तसा तो फुगतो, शेजारी भेटला तर त्याच्याशीं एकरूपहि होतो. बाराशें अंश उष्णतेंत एक ग्रॅम पाण्याची, भूपृष्ठावरील दाबाला, साडेसहा लिटरांहून अधिक वाफ होते. यावरून या फुगण्याचा आवेश ध्यानीं यावा.

पुढें शर्यत लागते. बुडबुडा वर निघतो, आणि वरून रस थिजत येतो. कांहीं निसटतात, उरलेले सायीखालीं अडकतात. म्हणून थराच्या माथ्याशीं भोकांची दाटी, आणि मध्यें घट्ट कातळ.

आतां वैशाखाची गोष्ट. घाटाखालीं पाऊस धोधो कोसळतो. तरी उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात आणि बायकांना हंडे घेऊन लांब चालावें लागतें. भोकांनीं भरलेला दगड पाणी कां सांठवीत नाहीं? कारण बहुतेक पोकळ्या एकेकट्या आहेत. एकींतून दुसरींत जावयास वाट नाहीं. कित्येक तर कॅल्साइट, झिओलाइट यांच्या स्फटिकांनीं भरून गेल्या आहेत. ते दिसतात सुंदर, परंतु त्यांनीं तहान भागत नाहीं. पाणी मुरतें तें कातळ भेगाळतो, झिजून मुरूम होतो तेथें. सातवाहनांच्या काळापासून वाहत्या असलेल्या या घाटांत प्रवाशांसाठीं टांकीं खोदावीं लागलीं, तींहि दगड फोडूनच.

पाण्यावरचा बुडबुडा फुटतो तेव्हां पाण्याला मिळतो. दगडांतला टिकला, आणि कोरडा राहिला. दगडाला पाझर फुटणें ही म्हण ज्यानें प्रथम योजिली, त्याला फुटण्याचें मोल कीर्तनकारांहून अधिक कळलें असावें.