मंजूर, मंजूर!

मराठी भाषेतला सर्वांत स्वस्त शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'मंजूर' हा शब्द पुढे करीन. 'माफ करा' म्हणायला मान थोडी तरी खाली घालावी लागते. 'आभारी आहे' म्हणायला निदान समोरच्याकडे पाहावे लागते. 'मंजूर' म्हणायला यांतले काहीच लागत नाही. तोंडात पान असले तरी चालते, डोळे मिटलेले असले तरी चालते, आणि मन पंगतीकडे गेलेले असले तर फारच उत्तम चालते.

हा शब्द त्याच्या पूर्ण ऐश्वर्यात ऐकायचा तर एखाद्या पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सभा घ्यावी लागते. त्यामुळे आमच्या बीडकडे सप्टेंबर महिन्यात, लग्नाचा मुहूर्त नसतानाही, मंगल कार्यालये भरलेली असतात. दाराशी एक मुलगा सही घेतो, दुसरा गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल हातात देतो आणि तिसरा भेटवस्तूचे कूपन देतो. तिसऱ्यापुढे गर्दी सर्वांत जास्त. आत गेल्यावर दीपप्रज्वलन, हारतुरे आणि दिवंगतांना श्रद्धांजली यांत पाऊण तास जातो. मग सचिव उठतात. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे." "मंजूर!" "विषय क्रमांक दोन, अहवाल, ताळेबंद व नफातोटा पत्रक स्वीकारणे." "मंजूर, मंजूर!" हा दुसरा 'मंजूर' नेहमी मागल्या रांगेतून येतो, आणि मागली रांग जेवणघराच्या दाराला लागून असते, हा काही योगायोग नव्हे. कोट्यवधींचा व्यवहार बारा मिनिटांत उरकतो. जिलबीला त्याहून जास्त वेळ लागतो.

या शब्दाची खरी गंमत मला एका उर्दू शाळेतल्या वृद्ध शिक्षकांनी सांगितली. बीड १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले, हे तर सर्वांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "मास्टरसाहब, मंजूर म्हणजे पाहिलेले. नजर आणि मंजूर एकाच घरची भावंडे आहेत." म्हणजे अर्जावर 'मंजूर' असा शेरा पडला तर त्याचा मूळ अर्थ, हा कागद नजरेखालून गेला आहे! मी तो शब्द आयुष्यभर ऐकला होता. त्याला डोळे आहेत हे मात्र त्या दिवशी कळले.

आमच्या शेजारी एक नाना राहतात. एस.टी.त कंडक्टर होते, आता पंचाहत्तरीला आले आहेत. निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड आणि ग्रॅच्युइटी त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवली होती. तिचे नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे बारीक अक्षर त्यांना दिसत नसे, म्हणून अहवाल वाचून दाखवायला ते मला बरोबर नेत. मी सभासद नव्हतो. भिंतीशी उभे राहायचे आणि तोंड बंद ठेवायचे एवढाच माझा अधिकार. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वर्गात सरळव्याज शिकवतो, पण ताळेबंद वाचण्याची विद्या मी शिकलो ती नानांच्या ओट्यावर.

एका सभेत विषय क्रमांक दोन पुकारला गेला आणि नाना उभे राहिले. "पान अकरा. 'इतर येणी' म्हणून जी रक्कम हाय, ती मागल्या सालाच्या तिप्पट झाली. इतर म्हंजी कोण वो? कुणाकडून यायचेत?"

मोठा साधा प्रश्न. 'इतर' हा शब्द ताळेबंदात खुंटीसारखा असतो, त्यावर कोणाचाही सदरा टांगता येतो. सदरा कोणाचा एवढेच नाना विचारीत होते. व्यासपीठावर क्षणभर शांतता पसरली. मग अध्यक्ष हसून म्हणाले, "नाना, अजून तिकिटं तपासायची सवय गेली नाही वाटतं!" सभागृह खदखदून हसले. "बसा बसा, जेवण थंड होतंय," असेही कोणी ओरडले. मंजूर, मंजूर. नानांनी अहवालाच्या पान अकरावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि तो पिशवीत ठेवला. पुढच्या दोन्ही वर्षी हेच. पान बदलले, प्रश्न तोच, विनोदही तोच.

मला त्या विनोदातला एक भाग फार लागला. तिकिटे तपासायची सवय म्हणजे काय, हे नानांनी मला सांगितले होते. ड्यूटीवर निघताना खिशात स्वतःचे पैसे किती हे वेबिलावर लिहून द्यायचे. वाटेत कुठेही तपासणीचे पथक गाडी थांबवी. तिकिटे, बॅगेतली रोकड आणि वेबिल यांचा मेळ बसलाच पाहिजे. कमी भरले तर गुन्हा, जास्त भरले तरी खुलासा! या खात्यातली शिस्त किती कडक असते त्याचे एक उदाहरण आहे. शेजारच्या कर्नाटकातल्या एका कंडक्टरकडे ३६० रुपये ९५ पैशांची तूट सापडली आणि त्याला कामावरून काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली न्यायालयाने बडतर्फी कायम केली. रक्कम लहान असली तरी गेलेला विश्वास लहान नसतो, असा त्याचा मथितार्थ. मला तो निकाल कठोर वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. शाळेत आम्हीही तेच भोगतो. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे तांदूळ शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे. हजेरी आणि गोणी यांचा मेळ बसला नाही तर मुख्याध्यापकांना घाम फुटतो. हे असेच असावे. माझे म्हणणे इतकेच, की तांदळाची मूठ मोजणारा देश कोटीच्या आकड्यापाशी आल्यावर एकाएकी मनमोकळा का होतो?

दिवाळीच्या अंकात हा असला विषय कशाला, असे आमच्या घरातून चकल्यांच्या सोऱ्यामागून विचारणा झाली आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोंढ्यातल्या आडतीवर वह्यांचीच तर पूजा होते. जुने मुनीम दिवसाची रोकड जुळल्याशिवाय दिवा मालवीत नसत. आणि खरे सांगायचे तर आमच्याकडे २०२३ची दिवाळीच हिशेबाने काळवंडली होती. त्या ऑक्टोबरात प्राप्तिकर खात्याने कुटे उद्योगसमूहावर छापे घातले. सुरेश कुटे हेच ज्ञानराधा मल्टिस्टेट या बीडच्या मोठ्या पतसंस्थेचे अध्यक्ष. बातमी पसरताच ठेवीदारांची शाखांपुढे रांग लागली, आणि हा हा म्हणता पैसे मिळेनासे झाले. २०२४च्या जूनमध्ये अध्यक्षांना अटक झाली. पुढे अंमलबजावणी संचालनालयाने आरोप ठेवला तो असा : लोकांना १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवून ठेवी घेतल्या आणि दोन हजार कोटींहून अधिक रक्कम पुरेशा तारणाशिवाय अध्यक्षांच्याच उद्योगसमूहाकडे कर्ज म्हणून वळवली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. ते काम माझे नव्हे. पण लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले, ही गोष्ट कोणत्याही निकालाची वाट पाहत थांबली नाही. मुलीचे लग्न, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, ऊसतोडीच्या उचलीतून मागे टाकलेली पुंजी, अशा नावानिशी ठेवलेल्या त्या रकमा होत्या.

लोक हावरट, म्हणून बुडाले, असे शहाणी माणसे म्हणतात. मला हे पटत नाही. जिल्ह्याची मध्यवर्ती सहकारी बँकही त्याआधी थकलेल्या कर्जांनी खिळखिळी होऊन प्रशासकाच्या हाती गेलेली. मोठ्या बँकेत वही भरायला शिपायाची विनवणी करावी लागते. पतसंस्थेचा पिग्मीवाला मात्र संध्याकाळी दारात येतो, 'मावशी' म्हणून हाक मारतो, पन्नास रुपये घेऊन पावती देतो. माणूस व्याजाला भुलतो त्याहून या 'मावशी'ला अधिक भुलतो. आणि संस्था बुडाली की शिव्या कोणाला? त्याच पिग्मीवाल्याला! अध्यक्ष कुठे असतात कोणाला ठाऊक नसते. पिग्मीवाल्याचे घर मात्र सर्वांच्या पायाखालचे.

शिवाय पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे दारावरच्या पाटीवरून कसे कळावे? १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक कोसळली, तेव्हा सरकार जागे झाले आणि १ जानेवारी १९६२पासून बँकांतल्या ठेवींना विमा मिळाला. तेव्हा तो १५०० रुपयांचा होता, २०२०पासून पाच लाखांचा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागूच नाही. मल्टिस्टेट झाली की निबंधकही दिल्लीचा. बीडचा ठेवीदार तक्रार घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेला तर तिथले साहेब दिल्लीकडे बोट दाखवतात, आणि कायद्याने ते बोट बरोबर असते.

सहकाराचे मूळ रोप असे नव्हते. रायफायझेन नावाच्या जर्मन गृहस्थाने, तो तिथल्या खेड्यांचा नगराध्यक्षच होता, गावोगाव पतपेढ्या काढल्या त्या अमर्याद जबाबदारीच्या तत्त्वावर. पेढी बुडाली तर प्रत्येक सभासदाने स्वतःच्या घरादारानिशी भरून द्यायचे. आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हा खेड्यांतल्या पेढ्यांना हेच तत्त्व लावले होते. भयंकर वाटते खरे. पण कल्पना करा, शेजाऱ्याच्या कर्जापायी आपला बैल जाणार असेल तर 'इतर येणी' म्हणजे कोण, हे विचारल्याशिवाय एक तरी माणूस पंगतीला बसला असता का? पुढे जबाबदारी मर्यादित झाली, ते योग्यच झाले. मात्र बैल सुटला आणि त्याबरोबर नजरही सुटली.

हे सारे अडाणीपणामुळे होते, असे कोणी म्हणेल तर त्याने हैदराबादच्या 'सत्यम' कंपनीची कथा आठवावी. तिच्या संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, नामांकित व्यवस्थापन शाळेचे अधिष्ठाता होते. १६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळाने अध्यक्षांच्या मुलांच्या दोन 'मेटास' कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरांना घेण्याचे मंजूर केले. 'मेटास' हे इंग्रजी अक्षरांत 'सत्यम'च उलटे लिहिलेले! माझ्या कादंबरीत मी असे नाव घातले असते तर प्रकाशकाने बाड परत पाठवले असते. भागधारकांनी ओरड केली म्हणून काही तासांत तो बेत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केले, की कंपनीच्या हिशेबात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक शिल्लक मुळी अस्तित्वातच नाही. आदल्या सप्टेंबरातच कंपनीला उत्तम कारभाराचे 'सोनेरी मोरा'चे पारितोषिक मिळाले होते. पुढे २०१३चा नवा कंपनी कायदा आला, हिशेबतपासनीस ठरावीक वर्षांनी बदलण्याची सक्ती आली. चांगलेच झाले. तरी त्या विद्वानांच्या बैठकीत आणि आमच्या मंगल कार्यालयात मला काही फरक दिसत नाही. तिथे जिलबी नसेल, इतकेच.

नानांच्या संस्थेचे शटर एका पावसाळ्यात खाली आले ते वर गेलेच नाही. प्रश्न विचारणाऱ्याचेही पैसे गेले आणि हसणाऱ्यांचेही. ठेव मोडून का घेतली नाही, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, गाडीत गडबड दिसली म्हून कंडक्टरनं उतरून जायचं का?" मग ठेवीदारांचे जबाब घेणे सुरू झाले. नानांनी पावत्यांच्या प्रती तारीखवार लावून फाइल केली, प्रत्येक पानावर क्रमांक घातला आणि तिच्यासोबत पेन्सिलीची प्रश्नचिन्हे असलेले तीन अहवाल जोडले. त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. जबाब घेणाऱ्या हवालदाराने ते अहवाल उलटसुलट करून पाहिले आणि रांगेकडे पाहून विचारले, "हे आणखी कोणाकडे आहेत?" कोणाकडेच नव्हते. सभेत मिळालेला स्टीलचा डबा मात्र रांगेतल्या दोघीतिघींच्या पिशवीत होता, त्यांतून त्या भाकरी घेऊन आल्या होत्या.

"ठेवा इथे, उपयोगी पडतील," हवालदार म्हणाला.

नाना तिथेच उभे राहिले. "पोच?"

"बाबा, तीन पुस्तकांची पोच कशाला पाहिजे?"

"साहेब, पन्नास पैशाचीबी पोच फाडून देत होतो मी."

हवालदाराने हसत कागद ओढला. 'अहवाल तीन मिळाले' असे लिहून सही केली, तारीख घातली. नानांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "वाचा बरं गुरुजी. तीनच लिव्हलंय ना?"