नारिंगी ठिपका

सोळा वर्षं झाली, मी एकाच प्रोग्रॅमची डागडुजी करतोय. एका सहकारी बँकेच्या शाखांच्या लाइनी चालू आहेत की बंद, हे तो दर पाच मिनिटांनी बघतो. मागच्या मागे गुपचूप चालत राहणाऱ्या अशा प्रोग्रॅमला डीमन म्हणतात. १९६३च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी हे नाव मॅक्सवेलच्या, रेणू निवडत बसलेल्या काल्पनिक भुतावरून घेतलं. आमच्या रात्रपाळीच्या काकांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच त्याचं 'मुंजा' असं बारसं करून टाकलं. पिंपळावर असतो, दिसत नाही, कुणाच्या वाटेला जात नाही.

या मुंजाला मी सहा वर्षं मरू दिलं नाही. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

२००९ साली तो माझ्या गळ्यात पडला. सगळा सी भाषेत, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, आणि हजारो ओळींत मिळून एकच धड टीप, इंग्रजी लिपीतून लिहिलेली: 'हात लावू नये'. दर आठ-दहा दिवसांनी तो कोसळायचा. सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रॅमनं आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत पाय टाकला की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला सिग्नल देतो आणि प्रोग्रॅम मरतो. मग रात्री काकांचा फोन, मी अर्धवट झोपेत लॉगिन करून रिस्टार्ट मारायचा, आणि सकाळी साहेबांचा प्रश्न: "पुन्हा?"

त्या 'पुन्हा'ला कंटाळून मी जे केलं ते आज एखाद्या नवख्या पोरानं केलं तर मी त्याला समोर बसवून तासभर बोलेन. तो सिग्नल मी पकडला. मरायच्या ऐवजी सिगलाँगजंप नावाची उडी मारून प्रोग्रॅम थेट मुख्य लूपच्या सुरुवातीला येईल अशी सोय केली. कुठं ठेच लागली ते बघायचं नाही, कपडे झटकायचे आणि चालू पडायचं. कोसळणं थांबलं. साहेब खूष, काकांना झोप, आणि मी 'अपटाइम'चा आकडा सहीखाली लिहायचा तेवढा बाकी राहिलो.

दुसरी करामत आकड्यांत. राउटरला एसएनएमपी नावाच्या बोलीत विचारायचं, तुझ्यातून आजवर किती बाइट गेले? जुना मोजणारा काटा ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ झाले की पुन्हा शून्यापासून. १०० मेगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर हा फेरा सहा मिनिटांच्या आत पुरा होतो. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला, तर काटा फिरला की राउटरच बंद पडून चालू झाला? ते ठरवायला राउटरला विचारायचं, तू किती वेळ जागा आहेस? तो काटाही ३२ बिटांचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा, त्यामुळे ४९७ दिवसांनी तोही शून्यावर येतो! नीट चाललेला राउटर सोळा महिन्यांनी अचानक 'आत्ताच उठलो' म्हणतो. हा बग शोधला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पण उपाय काय केला? शंका आली की मागचा आकडा पुढं चालू. उत्तर आलं नाही, मागचा आकडा. टाइमआऊट, मागचा आकडा. आलेख कसा छान सलग दिसतो. याला मी एमआरटीजीचा दाखला द्यायचो. नव्वदच्या दशकातलं ते गाजलेलं साधनही माहिती मिळाली नाही तर मुळात शेवटचा आकडाच पुन्हा लिहितं. मात्र त्यामागचा विचार असा की, आडवी सपाट रेघ माणसाच्या डोळ्यात शून्यापेक्षा जास्त खुपते. मी ती रेघ कुणाला दाखवतच नव्हतो. माझ्या पडद्यावर फक्त ठिपके होते, हिरवे आणि लाल.

२०१५च्या जुलैत, सकाळी साडेदहाला कोकणातल्या एका शाखेच्या मॅनेजर मॅडमचा फोन आला. "काल दुपारपासून लाइन नाही आमची. तुम्ही बघता ना तिकडे? की नुसतंच?" मी पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या शाखेचा ठिपका हिरवागार. मी त्यांना म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे चालू दिसतेय. तुम्ही राउटर एकदा बंद-चालू करून बघता का?" हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात. त्या क्षणी त्या शाखेच्या काउंटरवर शिपायानं पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेली 'लिंक नाही' ही पाटी टांगलेली होती. आमच्या सर्व्हरपेक्षा तो पुठ्ठा जास्त भरवशाचा होता.

मुंजा मेला नव्हता. चालू प्रोग्रॅमांची यादी देणारं पीएस मारलं तर जिवंत, एक्केचाळीस दिवस चालू. फक्त काही करत नव्हता. प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतोय ते दाखवणारा एसट्रेस लावला तर एकच ओळ येऊन थांबली: फ्यूटेक्स, वेट. म्हणजे कुठलं तरी कुलूप उघडायची वाट बघतोय. गाठ उलगडायला दोन दिवस गेले. प्रत्येक राउटर आपली ओळख सांगतो, तिला २५५ अक्षरांपर्यंत मुभा आहे. आमच्या कोडमध्ये ६४ अक्षरांची जागा. जुने राउटर थोडक्यात बोलायचे, नवे आले ते खापरपणजोबांपासून सुरुवात करायचे. जादा अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडायची. ओळख पुन्हा वाचली जायची ती राउटर उठल्यावर, म्हणजे वीज गेली की. पाऊस सुरू झाला की कोकणात ती किती वेळा जाते हे सांगायला नको.

सांडलेल्या मेमरीमुळे यावेळी ठेच लागली ती थेट मेमरी वाटणाऱ्या मॅलॉकच्या आत, तेही त्यानं स्वतःचं कुलूप लावलेलं असताना. माझी ती प्रसिद्ध उडी प्रोग्रॅमला बाहेर घेऊन आली, कुलूप तसंच राहिलं. पुढच्या वेळी मेमरी मागायला गेला आणि आपणच लावलेलं कुलूप कुणीतरी उघडेल म्हणून दाराशी उभा राहिला. आदल्या दिवशी सकाळपासून उभा होता. शाखेची लाइन दुपारी गेली. तोवर पडद्यावरचे सगळे ठिपके सकाळचेच शिळे होते.

एवढ्यानं माझं मत बदललं असतं तर बरं झालं असतं. मी ६४चे २५६ केले, रोज पहाटे तीनला मुंजाला उठबस करायला लावणारी क्रॉनची ओळ टाकली, आणि 'दुर्मीळ योगायोग' असा अहवाल लिहिला. उडी तशीच ठेवली.

मत बदललं ते महिन्याभरानं, दंडाच्या बैठकीत. करार असा होता की महिन्यात लाइन ९९.५ टक्के चालू हवी, म्हणजे तीस दिवसांत साधारण साडेतीन तासांच्या वर बंद राहिली तर पैसे कापायचे. ती लाइन चोवीस तासांच्या वर बंद होती. लाइन पुरवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर अतिशय नम्रपणे एक कागद पुढं सरकवत म्हणाला, "सर, हा तुमचाच रिपोर्ट आहे." त्या शाखेसमोर लिहिलं होतं, १०० टक्के. साहेब माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे. सहा वर्षांत असे किती तास मी 'चालू'त जमा केले असतील, याचा हिशेब आता निघणारही नव्हता, कारण खरा आकडा आणि पुढं ढकललेला आकडा यांत फरक करणारी खूणच मी कुठं ठेवली नव्हती.

त्या रात्री उडी काढून टाकली. आता मुंजा मरताना मेमरीची प्रत, म्हणजे कोअर, मागं ठेवून मरणार होता, कुठं ठेच लागली ते बघता यावं म्हणून. नंतर आठवडाभर बसून तिसरा रंग आणला. हे काही माझं डोकं नाही. नागिओस या नजर ठेवणाऱ्या साधनात पहिल्यापासून तपासणीची चार उत्तरं असतात: ०, १, २ आणि ३, शेवटचं म्हणजे 'माहीत नाही', आणि त्याचा रंग नारिंगी. मी ते पूर्वी वाचलं होतं आणि हसलो होतो. नजर ठेवायला बसवलेल्यानं 'माहीत नाही' म्हणायचं तर त्याला ठेवायचं कशाला? आता राउटर बोलला नाही तर नारिंगी, काटा मागे गेला नि कारण कळलं नाही तर नारिंगी. आणि पडद्यावरची नोंद दहा मिनिटांहून जुनी झाली तर ब्राउझरच अख्खं पान करडं करतो. मुंजाच्या तब्येतीची चौकशी मुंजाकडे करायची नाही.

पहिले दोन महिने वाईट गेले. आठवड्यातून दोनदा कोसळायचा, पडदा झेंडूच्या बाजारासारखा. साहेब म्हणाले, "हे ऑडिटला दाखवायचं कसं?" मला उत्तर सुचलं नाही. ज्या बगांवर मी सहा वर्षं पांघरूण घातलं होतं ते एकेक करून बाहेर येत होते, बहुतेक अगदी क्षुल्लक, एका ओळीत सुटणारे. ४९७ दिवसांसारखं चविष्ट एकही नाही. कधी कधी रात्री वाटायचं, ती उडी परत टाकावी. ते वाटणं अजून पूर्ण गेलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

परवा रात्री फोन वाजला. काका निवृत्तीला आलेत, पण आवाज तोच.

"साहेब, मुंजा मेला."

"किती वाजता?"

"दोन सतरा."

"कोअर पडलाय का?"

"पडलाय. हात लावला नाही कुणी."

मी म्हटलं, "वा, छान," आणि दिवा लावला. शेजारी बायको दचकून उठून बसली होती. "अहो, कोण गेलं?"