मोंगिया कुणाकडेच नव्हता

नयन मोंगियाच्या एका कार्डासाठी माझे सगळे डबल, वर जयसूर्या, वर अझरुद्दीन. हा सौदा नव्हता, लूट होती, असं मी आजही म्हणतो. १९९६ च्या विश्वचषकानंतरचे दिवस, तेव्हाचं उस्मानाबाद. बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूचं एक कार्ड निघायचं, पन्नासचा सेट होता. पुढचं त्या वयातून गेलेल्यांना सांगायला नको.

वर्गात मी वही ठेवली होती. कुणी पुडी फोडली की नाव विचारायचं आणि रेघ मारायची. सचिनपुढे रेघांची दाटी, व्यंकटपती राजूपुढेही बऱ्यापैकी, मोंगियापुढे कोरी जागा. एरवी ज्याचं कार्ड कुणी फुकट घेतलं नसतं, तो यष्टिरक्षक आमच्या शाळेत सचिनपेक्षा महाग झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वरच्या वर्गातला एक जण ते कार्ड घेऊन आला. "लई अवघड हाय हे. मुंबईला सुदीक मिळंना," म्हणाला. माझा गठ्ठा त्याने अंगठ्याला थुंकी लावून नोटांसारखा मोजला. कोपरा दुमडलेली कार्डं बाजूला काढली, ती मला परत देईल असं वाटलं. तर म्हणाला, "ही फुटकळ म्हणून राहू दे." आणि तीही खिशात घातली! राग त्या फुटकळांचा जास्त आहे.

पुढे मावशीकडे बार्शीला गेलो. मावसभावाने डबा उघडला, तर रबर लावलेली मोंगियांची जुडी. वर त्याचाच प्रश्न, "तुमच्याकडं राजू निघतो का रे? आमच्याकडं मिळतच नाही." माझा सौदेवालाही सुट्टीभर बार्शीतच होता, हे तिथेच कळलं.

कार्डं मोठ्या शीटवर छापतात, कापतात, त्यांच्या थप्प्या लागतात आणि पुड्या भरताना थप्पीतला क्रम बराचसा तसाच उतरतो. हा माल नीट मिसळला गेला नाही, तर एका खोक्यात तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतात. मोठ्या शहरात वेगवेगळे लॉट येऊन सरमिसळ होते. आमच्याकडे दुकानं मोजकी आणि माल आणणाराही बहुधा एकच. आता हिशेब करतो तेव्हा माझी वही बरोबर होती असंच दिसतं. पन्नासही कार्डं सारखीच छापली आणि नीट मिसळली असती, तर वर्गाने फोडलेल्या तीनशे पुड्यांत एक ठरावीक कार्ड एकदाही न निघण्याची शक्यता हजारात दोन-तीन. म्हणजे मोंगिया आमच्याकडे खरोखरच आला नव्हता. पण 'आमच्याकडे' म्हणजे किती, तर बसस्टँडपासून शाळेपर्यंत. दुर्मिळ काय, हे असं जागेवर ठरतं. आमच्याच जिल्ह्यातल्या तेर गावी पाऊस पडून गेला की पांढरीत जुने मणी उघडे पडतात, तिथल्या पोरांना त्यांचं काय अप्रूप! जुन्या वस्तू जमवणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांना होतं, म्हणून तिथे आज संग्रहालय आहे.

एकट्याने सेट जमवणाऱ्याची फसगत तर याहून सोपी. पन्नासही कार्डं सारखीच असली तरी पहिली पंचवीस सरासरी पस्तीसेक पुड्यांत होतात. शेवटच्या एकट्या कार्डाला मात्र सरासरी पन्नास पुड्या लागतात. पूर्ण सेटला सव्वादोनशे. शेवटी जे राहील ते दुर्मिळच वाटणार. म्हणून पालकांना माझं सांगणं, पोरांना पुड्या घेऊन देत बसू नका, अदलाबदल करायला पाठवा.

आणि दुर्मिळ म्हणजे महाग, हेही धड खरं नाही. अमेरिकेत १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं होनस वॅग्नरचं बेसबॉल कार्ड जगात पन्नास-साठच माहीत आहे, त्याची किंमत समजू शकते. पण बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड शीटवर दोनदा छापलेलं, म्हणजे त्या फेरीतल्या इतर बहुतेक कार्डांच्या दुप्पट. तरी त्याचीच एक कोरी-करकरीत प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. कार्डांना दर्जा देणाऱ्या पीएसएसारख्या संस्था आकडे जाहीर करतात, तेही तपासणीला आलेल्या कार्डांचेच. फीएवढीही किंमत नसलेलं कार्ड कोण पाठवणार? तिथे शून्य दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये.

मला मोंगिया विकणाऱ्या त्या मुलाचंही एका परीने बरोबरच होतं म्हणा. जिथे आहे तिथून उचलून जिथे नाही तिथे विकणं, व्यापार दुसरा काय असतो? मीही केलं असतं. पण मुंबईचं खोटं कशाला सांगायचं?

परवा भाच्याने बाजारातून पोकेमॉनचा डबा आणला. आतली पंचावन्नच्या पंचावन्न कार्डं सोनेरी, सगळी नकली. अस्सल कार्डावर खाली गोल, चौकट किंवा चांदणी असते. गोल म्हणजे साधं, चांदणी म्हणजे दुर्मिळ, असं मी समजावायला गेलो. "मामा, आमच्याकडं सगळीच रेअर हायत," म्हणाला. त्याला मोजायला एक वही दिली. त्याने तिच्यात उधारी मांडली आहे: कुणी कोणतं कार्ड नेलं आणि अजून परत केलं नाही.