दुसरा पेला

दारूला शिवणार नाही, असे वचन मी आईला दिले होते. वडिलांच्या पहिल्या पेल्याला नेहमी दुसऱ्याची सोबत लागे. त्या सोबतीतच आमचे शेत गेले. म्हणून गेल्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये पुतण्याने देठावर बसवलेल्या वाटीसारखा पेला पुढे केला, तेव्हा चाळिशी उलटलेला हा मास्तर पुरता गोरामोरा झाला.

"घोटभर घ्या हो काका! ही 'बर्लिनर वाइसे', गव्हाची बिअर. मद्यार्क जेमतेम ३ टक्के."

लोक तीत लाल रासबेरीचे किंवा हिरवे सरबत घालतात. मी तशीच ओठांना लावली. आणि काय सांगू! डोळे मिटले नि आईची चूल दिसली. नाचणीच्या आंबिलीचाच तो आंबटपणा! नवल तरी कसले? ताक आंबवणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद हिलाही आंबवतात. जुन्या पद्धतीत जोडीला रानटी यीस्टही असते.

घरी येताच आईला सारे सांगून टाकले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आंबीलच म्हण की! पण दुसरा पेला मागितलास का रे?"

वर्गातली चुकार मुले पाहतात, तसा मी आढ्याकडे पाहू लागलो.