मुरारचा उजेड

आमच्या बेळगावच्या घरात अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, एकच फोटो आहे. लग्नातल्या एका ग्रूप फोटोतून त्यांचा चेहरा तेवढा कापून मोठा केलेला. नीट पाहिले तर खांद्यावर शेजारच्याची दोन बोटे अजून दिसतात. चेहरा गंभीर आहे. मी त्यांना पाहिलेले नाही, त्यामुळे माझ्या लेखी ते कायम गंभीरच. त्यांच्या पिढीतले आता एकच माणूस उरले आहे : त्यांची धाकटी बहीण, माझी आत्याआजी. लग्न होऊन ती ग्वाल्हेरला, मुरारमध्ये गेली, त्याला साठ वर्षे होऊन गेली. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिकडे निघालो तेव्हा बाबांनी एकच काम सांगितले, "तिचा एक चांगला फोटो काढून आण."

मुरार ही इंग्रजांची जुनी छावणी. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार 1886 मध्ये शिंद्यांना परत मिळाले आणि त्याच्या बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. त्याच वर्षी लेपेल ग्रिफिन यांचे मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरचे पुस्तक निघाले. त्यातली छायाचित्रे लाला दीनदयाळ यांची. किल्ले, राजवाडे आणि राजे यांचे फोटो त्या काळीही निघत होते. घरातल्या बायकांचे मात्र क्वचित. पुढे 1892 मध्ये याच दीनदयाळांनी हैदराबादला पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. गरज होती, म्हणूनच उघडला असणार.

आत्याआजीचे चिरंजीव, म्हणजे आमचे काका, तरुणपणी रोलचा कॅमेरा वापरीत. 120 च्या रोलवर त्यांचे बारा फोटो निघत आणि त्या बारांत मुंज, सहल आणि दिवाळी भागवायची असे. लख्ख उन्हात छिद्र सोळावर ठेवावे आणि 100 च्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग द्यावा, हा हिशेब त्यांना अजून तोंडपाठ आहे. माझा मोबाईल पाहून ते म्हणाले, "तुझ्याजवळ हजार फोटो आहेत, म्हणून तू बघतच नाहीस. आधी उजेड बघ, मग माणूस बघ."

आठवडाभर मी तेच शिकलो. मराठीत ऊन वेगळे आणि उजेड वेगळा. कानडीतही बिसिलु वेगळे, बेळकु वेगळा. आणि मुरारच्या गल्लीत धूप वेगळी, उजाला वेगळा. रोज वापरून गुळगुळीत झालेल्या या शब्दांतच फोटोचा पहिला धडा आहे. माणसाचा चेहरा उन्हात आक्रसतो आणि उजेडात उलगडतो. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. त्याच वेळी माणसाला घराच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवले, तर तोच चेहरा शांत दिसतो. कडुनिंबाखालची सावली मात्र फसवी. पानांतून गळणारे कवडसे गालावर ठिपके उठवतात.

कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे मी वहीत चक्क रोजकीर्द ठेवली : वेळ, जागा, अंतर, परिणाम. त्यातून काही गोष्टी कळल्या. मुरार बेळगावच्या उत्तरेला सुमारे दहा अंश आहे, म्हणून नोव्हेंबरात दुपारचा सूर्यही तिथे तितकाच खाली असतो. मावळतोही अर्धा तास आधी, साडेपाचच्या सुमारास. दोन फुटांवरून काढले की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. सहा-सात फूट मागे सरून दुप्पट झूम केले की चेहरा प्रमाणात येतो. चुन्याची पांढरी भिंत किंवा दोरीवर वाळत घातलेली चादर समोर असली, की हनुवटीखालची सावली निवळते. भावंडांना घेऊन आम्ही सूर्यमंदिरावरही गेलो. कोणार्कच्या धर्तीवर बिर्लांनी 1988 मध्ये बांधलेले हे मंदिर लाल दगडाचे आहे. संध्याकाळी ते सुंदर दिसते, पण ते पूर्ण दाखवायचे म्हटले की माणूस मुंगीएवढा होतो. दोघांपैकी कोण हवे, ते आधी ठरवावे लागते.

उजेडाचे असे जमले. खरी परीक्षा आत्याआजीची होती. "हारासाठीच ना रे?" तिने पहिल्याच दिवशी विचारले. घरात सगळे गप्प झाले. मी म्हटले, "बाबांना तुला बघायचंय." ती ठेवणीतले लुगडे नेसून आली, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली आणि आधार कार्डावर असतो तसा चेहरा केला. मी तो फोटो काढला. उजेड अगदी हवा तसा होता.

दोन दिवसांनी चारच्या सुमारास ती अंगणात मेथी निवडत होती. मी शेजारी बसून जुड्या सोडू लागलो. बेळगावच्या घरची विहीर, चिंच, कोण गेले, कोण आहे, असे बोलणे चालले होते. एकाएकी ती मला म्हणाली, "ऊट आयता?" माहेरची कानडी! काका दारातच थबकले. आपल्या आईला कानडी येते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मी "आयतु, आज्जी" म्हणून उत्तर दिले आणि आत्याआजी मनापासून हसली. मोबाईल काकांच्या हातात होता. त्यांनी एकच फोटो काढला.

रात्री तो बाबांना पाठवला. बराच वेळ उत्तर आले नाही. मग फोनच आला : "अगदी अण्णा हसायचे तशी हसली रे."

आत्याआजीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि वाटणी करून टाकली. ताठ बसलेला हारासाठी आणि मेथीचा तुझ्या बाबांसाठी. दोन्ही मी छापून घेतले आहेत.

मित्रहो, येत्या सुटीत घरी जाल तेव्हा चारच्या सुमारास अंगणात डोकवा. कोणीतरी भाजी निवडत असेल, कोणी पेपर वाचत असेल. फोटोचे मग बघता येईल. आधी थोडा वेळ जवळ बसा आणि त्यांच्या माहेरचे, गावचे काही विचारा.