मारबतीच्या गर्दींत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, गांवची इडापीडा घेऊन जाणाऱ्या काळ्या व पिवळ्या मारबती पाहावयास सक्करदऱ्याहून महालांत जाण्याचा माझा परिपाठ आहे. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. गर्दीच्या प्रवाहाविरुद्ध जाऊं नये, गल्लीच्या तोंडाशीं भिंतीकडेला उभें राहावें, चुकल्यास भेटण्याचें ठिकाण घरींच ठरवावें आणि मुलांच्या खिशांत पत्त्याची चिठ्ठी घालावी, हे माझे नियम. पूर्वीं नातवाचा हात मी धरीत असें. आतां तो माझा धरितो. गतवर्षीं त्यानें माझ्याहि खिशांत चिठ्ठी घातली. क्षणभर राग आला. परंतु नियम सर्वांस सारखा, हें मींच त्याला शिकविलें होतें! गर्दींत वडीलपण मिरवूं नये. हात मात्र सोडूं नये.