बहात्तर सालची गाणी

आमच्या मराठवाड्यात ‘बहात्तर साल’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. दुष्काळ हा शब्द न उच्चारताच समोरच्याला सारे कळते. अशा सालालाही गाणी होती असे कुणी म्हटले, तर ते जरा विपरीतच वाटेल. पण मध्यंतरी १९७२ सालच्या गाजलेल्या हिंदी गाण्यांची एक सीडी माझ्या हाती आली आणि त्या सालाची एक विसरलेली बाजू कानांत वाजू लागली.

त्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. दिंद्रुडला आमच्या आळीत रेडिओ एकच, शेजारच्या अण्णांचा. रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून तो ताजा करावा लागे. त्यामुळे ही वस्तू बंदुकीसारखी जपून वापरायची असते, असा अण्णांचा ठाम समज होता. अपवाद फक्त बुधवारचा. रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ सुरू होई आणि अमीन सायानींचा आवाज ओट्यावर येऊन बसे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी! आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि त्याच साली समुद्रापलीकडे रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. १९५७ साली विविध भारती आली, तरी बुधवारचा मान गीतमालेचाच राहिला. १९७२च्या मे महिन्यात सिलोनचे नाव बदलून श्रीलंका झाले. आमच्या ओट्यावर मात्र सिलोन ते सिलोनच.

सीडी लावली आणि एकेक ओळखीचा पाहुणा आत येऊ लागला. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधले आशाबाईंचे ते धुंद गाणे आले. त्या वर्षाच्या गीतमालेत ते पहिल्या पायरीवर होते. आमच्याकडे मात्र ते लागले की म्हातारी माणसे घसा खाकरून उठून जात. मग ‘पाकीजा’ आला. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच वारले होते. चित्रपट १९७२च्या फेब्रुवारीत लागला आणि ३१ मार्चला मीनाकुमारी गेली. मग ‘शोर’मधले गाणे आले, लता-मुकेशचे, पाण्यालाच त्याचा रंग विचारणारे. विहिरीच्या तळाचा गाळ उपसून, फडक्याने गाळून आम्ही पाणी पीत होतो. आमच्या पाण्याचा रंग कुणी विचारायची गरज नव्हती!

या गाण्यांची खरी मालकीण मात्र माझी थोरली बहीण. आक्का तेव्हा चौदा वर्षांची. त्या वर्षी तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहू लागली. १९७३च्या मे महिन्यात राज्यात अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. आमची आक्का त्यांतली एक. रात्री परक्याच्या ओट्यावर मुलींनी बसायची रीत नव्हती. म्हणून गुरुवारी सकाळी मिलोच्या तांबड्या भाकरी घेऊन मी कामावर जाई, तेव्हा भाकरीबरोबर आदल्या रात्रीची गाणीही नेई. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा येई आणि जाई. मध्येच खरखर होऊन दोन-तीन ओळी बुडून जात. त्या बुडालेल्या जागा आक्का आपल्या शब्दांनी भरून काढी. त्यांत मुकादम येई, हजेरी येई, मिलो येई, न येणारा पाऊसही येई. दुपारपर्यंत पाट्यांच्या रांगेतल्या सगळ्या बायका तेच गाणे म्हणत. मुकादम कधी ओरडे, तर कधी हळूच हसे.

पुढे तिचे लग्न झाले. शाळा राहिली ती राहिलीच.

ती सीडी मी तिला ऐकवली. ‘शोर’मधले गाणे तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. जिथे खरखर व्हायची, तिथे आता लताबाई स्वच्छ गात होत्या. गाणे संपल्यावर ती म्हणाली, “चांगलंय रे. पण आमचं गाणं न्हाई हे. आमच्या गाण्यात आम्ही व्हतो.”

मी निरुत्तर झालो. सीडीवर त्या सालची नावाजलेली गाणी आहेत, आवाज निर्मळ आहे, एक ओळही बुडालेली नाही. तरी ते साल त्यात पुरते सापडत नाही. सीडी हिंदी गाण्यांची, त्यामुळे शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ही तीत नाही. खेबूडकरांचे शब्द आणि राम कदमांच्या चाली आमच्याकडे पोरासोरांच्या तोंडी होत्या. आमच्या आळीची गीतमाला कुणी लावली असती, तर पहिली पायरी ‘पिंजरा’नेच पटकावली असती. आणि आक्काची गाणी? ती तर कोणत्याच कंपनीच्या तबकडीवर चढली नाहीत.

आमची म्हातारी माणसे बहात्तर सालाबद्दल बोलत, ते केवळ भुकेबद्दल. ते खरेच होते. पण डोक्यावर माती असताना माणसे गात होती, हेही तितकेच खरे आहे. सीडीने मला गाणी परत दिली, आक्काने त्या गाण्यांतली माणसे. विद्यार्थी मित्रांनो, आज कोणत्याही सालचे कोणतेही गाणे तुमच्या मोबाईलवर क्षणात वाजते. ते जरूर ऐका. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा की त्या गाण्यात त्यांनी आपले कोणते शब्द घातले होते. ते आता त्यांच्याशिवाय दुसरे कुणी सांगू शकणार नाही.